मोबाइलमध्ये नवमी येत नाही

बडोदे

चि. मोहना,

अनेक आशीर्वाद. उशिरा लिहितोय, माफ कर. राग उतरल्यावर लिहू म्हटलं, पण तो उतरतच नाही.

नीलने मोबाइलवर जुगार खेळून कॉलेजची फी घालवली, म्हणून तू लेकाला माझ्याकडून नाशिकला नेलंस. जाताना म्हणालीस, "बाबा, पत्ते तुम्हीच शिकवलेत."

होय, शिकवले! गोकुळाष्टमीच्या सातम-आठमला सगळं बडोदं खेळतं, आम्हीही चिंचोके लावून खेळलो. पण नवमीला पत्ते फडताळात जायचे, आणि हरत असला तरी नीलच ते उचलून ठेवायचा. त्या मोबाइलमध्ये नवमी येतच नाही, बाई.

मित्र ओट्यावर मोबाइल काढून त्याला चिडवायचे, "अल्या, बीकण छे? लगाव ने!" भित्रा म्हटलेलं त्याला सोसलं नाही. असे मित्र नाशिकलाही भेटतील. तिथे त्याला डावातून उठायला कोण शिकवणार?

तो नीट जेवतो ना?

या आठमला त्याला पाठव. त्याच मित्रांना बोलावून मी चिंचोके मांडतो. त्यांच्यादेखत तो भर डावातून उठला नाही, तर म्हातारा चुकला म्हण.

हे पत्र आजच पेटीत टाकतोय. तरी पाठवतेस की नाही, ते लवकर कळव.

तुझे,
बाबा