एक ठोका दाब, दोन ठोके सोड

३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि बाळाच्या गालाला एक हलका चिमटा.

तुझं येण्याचं पत्र मिळालं. एकवीस तारखेला तुम्हा मायलेकरांना स्टेशनवर घ्यायला गाडी घेऊन मी येणार म्हणजे मीच येणार. टॅक्सीचा विषय काढू नकोस. ब्रेक जरा मऊ लागत होता, म्हणून परवा घरीच चारही चाकांचं जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. तू सासरी गेल्यापासून आत बसून पेडल दाबायचं काम तुझ्या आईकडे आहे. काम झकास झालं. थोडा मऊपणा अजून आहे, पण नवं ऑइल मुरलं की जाईल.

बाकी घरात सगळं ठीक. तुझी आई हल्ली कमी बोलते, त्यामुळे शांतता आहे.

कळावे. आमच्यावर लोभ आहेच, तो गाडीसकट असू दे.

तुझे बाबा

६ मार्च

चि. ठकूस,
पोटभर आशीर्वाद.

फोन बैठकीत आहे आणि हे त्याच्याच शेजारी वर्तमानपत्र धरून बसतात, म्हणून लिहिते. ठकू, मला फार भीती वाटते आहे गं. काल बाजारातून येताना पाण्याच्या टाकीचा उतार उतरत होतो. खाली दवाखान्याचं फाटक, तिथे माणसं उभी. यांनी ब्रेक दाबला तर पाय सरळ खाली गेला. गाडी आपली चाललेलीच. यांचा चेहरा पांढराफटक. कशीबशी थांबली, फाटकाच्या खांबापासून हातभर अंतरावर. एक बाई हातातली पिशवी टाकून पळाली. घरी आल्यावर हे शेजाऱ्यांना सांगतात, काही झालं नाही, जरा ब्रेक मऊ आहे.

मला काहीच सांगत नाहीत, कारण आमचा अबोला आहे. तुझ्या मावशीसमोर मी म्हणाले की यांचे हात आता थरथरतात, गाडीचं काम गॅरेजला द्यावं. झालं, तेव्हापासून तोंडाला कुलूप. ब्रेकचं कामसुद्धा न बोलता केलं! मावशीकरवी मला निरोप आला, की एक ठोका वाजला की पेडल दाबून धरायचं, दोन वाजले की सोडायचं. हे चाकाशी बसून पाना वाजवणार, मी आत पाय हलवणार. मागच्या चाकाला तर इतकी ठोकाठोकी झाली, की दाबता-सोडता माझी पोटरी भरून आली.

गाडीची किल्ली मी शिवणाच्या मशीनच्या खणात बटणांखाली दडवली आहे. हे घरभर शोधतात, माझ्याकडे बघतात, पण विचारणार कसे? तेवढ्या हट्टावर सध्या आमचा जीव सुरक्षित आहे. पण तू बाळाला घेऊन त्याच उतारावरून येणार आहेस. काहीतरी कर.

लोभ ठेव, आणि हे पत्र मी लिहिलं असं बोलू नकोस.

तुझी आई

१० मार्च

ती. आई-बाबांस,
एकाच कागदावर दोघांना मिळून साष्टांग नमस्कार.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही दोघंही सगळं छान आहे म्हणता. हे पत्र एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने उठून जाऊ नये. आई, तुझं गुपित मी फोडते आहे, माफ कर. बाबा, तिच्यावर रागावू नका. तिने घाबरून लिहिलं आणि मी घाबरून वाचलं.

बाबा, ऑइल मुरत वगैरे काही नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. गाडी अंगणातून हलवू नका. उभ्या गाडीतच पेडल भराभर दाबून बघा. दाबता दाबता कडक झालं, तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिलं, किंवा चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं, तर गळती. मग कशाला हात लावायचा नाही, गॅरेजवाल्याला घरी बोलवायचं.

माझा संशय हवेवर आहे. मागच्या चाकाचं ते निपल, ऑइल बाहेर सोडायचा तो छोटा स्क्रू, माझ्या लहानपणापासून चिकटतं, आणि पान्यावर हातोडी मारल्याशिवाय तुम्हाला ते सुटत नाही. मारली असणार, ठक ठक. आईला वाटलं, दोन ठोके, सोडा. इकडे निपल उघडलं आणि तिकडे तिने पाय उचलला. हवा आत ओढली जाणारच! मी आत बसायचे तेव्हा ‘धरलंय’ असं ओरडल्याशिवाय तुम्ही पान्याला हात लावत नव्हता. आणि तुम्ही ‘बंद’ म्हणायच्या आधी मी एकदा पाय उचलला, तेव्हा खाल्लेली बोलणी अजून लक्षात आहेत.

तेव्हा काम पुन्हा करा आणि तोंडाने बोलून करा. जमणार नसेल तर मी येत नाही. हे रुसून लिहीत नाही. मला भीती वाटते, बाळासाठी वाटते, आणि तुम्हा दोघांसाठी त्याहून जास्त.

कळावे. माझ्यावर लोभ आहेच, तो एकमेकांवरही असावा.

तुमची ठकू

१६ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईने मोठ्याने वाचलं. ‘ठक ठक’पाशी ती थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मग मी किल्ली मागितली.

पेडल दाबता दाबता कडक झालं, ओलं कुठेच नव्हतं. म्हणजे हवाच. ऑइलचा नवा डबा फोडला आणि मागच्या लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मी ‘दाब’ म्हटलं, आतून ‘धरलंय’ आलं. तुझी आई इतक्या जोरात ओरडली, की शेजारी गच्चीवर आले. निपल सैल केल्याबरोबर त्याला लावलेल्या रबरी नळीतून खालच्या बाटलीत बुडबुडे सुटले. एवढी हवा घेऊन मी तो उतार उतरलो होतो, हे डोळ्यांनी बघितलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिलो. ‘बंद’ म्हणायला जरा वेळ लागला, पण तुझ्या आईने पाय उचलला नाही. बुडबुडे थांबेपर्यंत चारही चाकं केली. वर गॅरेजवाल्यालाही घरी बोलावून दाखवलं. तो म्हणाला, काम चोख आहे.

एक गोष्ट तुझ्या आईने तुला कळवलेली नाही. त्या उतारावर मी नुसता पेडल मारत राहिलो, दुसरं काही सुचलंच नाही. हँडब्रेक तिने ओढला, दोन्ही हातांनी, आणि तेव्हाही तोंडातून शब्द काढला नाही. मीही त्यावर तिला काही म्हणालो नाही. हात थरथरतात हेही खरं आहे. तरी तुझं मन घेत नसेल तर खुशाल टॅक्सी कर. मी सामान घेऊन मागून येईन.

लोभ वाढो, राग आमच्याइतका न वाढो.

तुझे बाबा

ता. क. हे मी लिहिते आहे. पेडल कडक लागतं, मी स्वतः पाय ठेवून पाहिलं. आज सकाळी टाकीचा उतार दोघं उतरून आलो, अगदी हळू, माझा हात हँडब्रेकवर. मला फार भीती वाटत होती. खाली फाटकापाशी गाडी थांबवून हे म्हणाले, की मलाही वाटत होती. म्हणून एकवीसला स्टेशनवरही मी यांच्या शेजारी बसून येणार. तू ये. — आई