पाचव्या निबंधाला एक कमी

३ फेब्रुवारी
पाच म्हणे! एच-इंडेक्स पाचच्या खाली असेल तर अर्ज बघतसुद्धा नाहीत. लवंगीचा चार. भिंतीतल्या ओलीवर सहा वर्षं घासली पोरीने – निम्म्या भिंतींना शिडी मी धरलीय! – आता कुठे लेक्चररची एक जागा निघाली, तर हा आकडा आडवा.

"ही काय भानगड?" विचारलं. तिने काकांच्या दुकानातले रंगाचे डबे ओळीने मांडले. एक डबा म्हणजे तिचा एक शोधनिबंध. दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात त्याचा आधार घेतला की एक सायटेशन. "पाच निबंध असे हवेत, की प्रत्येकाला निदान पाच सायटेशन. मग इंडेक्स पाच."

"तुझे किती?"

"एक्केचाळीस, नऊ, सहा, पाच, चार."

"मग एक्केचाळिसातलं एक इकडे सरकव की!"

"सरकत नाही, वेड्या. एक्केचाळीस असोत नाहीतर पाच, निबंध एकच धरतात."

कसला हा हिशेब! कॉलेज अर्ध्यात सोडलं तेच बरं केलं. आतून काका ओरडले – "प्रेमात पडलेल्याने डब्यांची झाकणं उघडी टाकू नयेत!" ती हसली. मेलो.

५ फेब्रुवारी
दिवसभर मोबाइलवर तिच्या इंडेक्सचं पान उघडून बघतोय. चार. चार. चार.

६ फेब्रुवारी
बोक्याला गाठलं. कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा, आता डासांवर संशोधन करतो. त्याचा निबंध मंजूर झालाय, शेवटचा हात फिरवायचाय. म्हटलं, लवंगीचा पाचवा निबंध घाल त्यात.

"डासांत भिंत कुठून आणू?"

"डास बसतात कुठे? तुझ्या डोक्यावर?"

डोकं खाजवलं त्याने. "माझी खोली रंगवून दे. पोपडे आलेत."

लबाडी? असेल! मोठमोठे साहेब एकमेकांची पाठ खाजवतात तेव्हा कोण विचारतं?

९ फेब्रुवारी
रंगवली. ऑइलपेंट, दोन हात. भिंत जरा गार लागत होती. सुकेल.

२७ फेब्रुवारी
पाच!!! तीच धावत सांगायला आली – "कुणा डासवाल्याने माझा आधार घेतलाय, बघ!" मी खाली वाकून डब्यांची झाकणं ठोकत बसलो. असा आनंद तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

२ मार्च
वाट लागली.

बोक्या दुकानात आला, हातात रंगाचा हातभर लांब पापुद्रा. "काय रे रंगारी? तुझ्या त्या सायटेशनपायी माझी भिंत सोलली!" लवंगी काउंटरशीच उभी.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पापुद्रा उलटा केला, मागचं ओलीने फुटलेलं पांढरं मीठ बोटाने पुसलं. "ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिलास?"

"गार लागत होती जराशी..."

"देऊ नये, हेच लिहिलंय मी पाचव्या निबंधात. पहिल्याच पानावर. एवढा मोजलास, वाचला नाहीस?" मग बोक्याकडे वळली. "आणि तू?"

बोक्या छत बघायला लागला.

४ मार्च
बोक्याकडून संपादकांना पत्र गेलं – तो संदर्भ काढा. आणि अर्जात हिने चारच लिहिले!

"अगं, जागा जाईल!"

"जाऊ दे. हे चार माझे आहेत." शेजारी पहिल्या निबंधाची एक्केचाळीस सायटेशन लिहून खाली दोन रेघा ओढल्या. जाताना म्हणाली, "निबंध वाचल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

नाही वाचणार. मी काय तिचा विद्यार्थी आहे?

११ मार्च
अर्ज परत. एका आकड्यासाठी! त्यांच्या ऑफिसात जाऊन खुर्च्या फेकणार होतो. काकांनी कॉलर धरली. "तिने काय सांगितलंय तुला? ते आधी कर. खुर्च्या कुठे पळून जात नाहीत."

१२ मार्च
वाचला. निम्मा कळला नाही, तरी शेवटपर्यंत. शेवटी आभार. एकाच माणसाचे. शिडी धरल्याबद्दल, आणि 'त्याला ठाऊक नसलेल्या इतर सगळ्याबद्दल'. माझं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. छापून दोन वर्षं झाली.

आभार कुठल्याच इंडेक्समध्ये धरत नाहीत.

नका धरू!