जर्मन साखरेच्या शेंगापोळ्या

वळसंग, २५ जानेवारी १९७४

ती. दाक्षायणी अक्कास, धाकट्या बसलिंगप्पाचा सा. न. वि. वि.

जावईबापूंनी जर्मनीहून मधुमेहींच्या साखरेचे चार डबे आणले. डब्यावर सॉर्बिटॉल असं नाव आहे. हिनं रक्तातली साखर वाढत नाही म्हणे. गोडी उणी, म्हणून काशम्मानं दुप्पट घालून शेंगापोळ्या केल्या. मी सहा खाल्ल्या. साखरच औषधाची, मग मधुमेहाच्या गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद केल्या. अमावास्येला आलेल्या जंगमस्वामींनाही त्याच वाढल्या. आपण खायचं ते आधी स्वामींना, ही घरची रीत. कालपासून मला नि स्वामींना, दोघांनाही लई जुलाब. काशम्मा म्हणते, शेजारच्या चंद्रव्वाची नजर लागली. अंगठ्याला चपलेनं जखम झालीय, पण दुखत नाही. काळजी नसावी.

तुझ्या मायेतला,
बसलिंग

सोलापूर, २९ जानेवारी

चि. बसलिंगप्पास आशीर्वाद.

चंद्रव्वाला सोड. ती साखर आतड्यात पुरती शोषली जात नाही, उरलेली पाणी ओढते, म्हणून जुलाब. हे मी अडतीस साली बी.एस्सी.ला शिकले, तुला डब्यावरचा जर्मन शब्द पुरला. ती रक्तात हळू जाते, पण जाते. शिवाय पोळीची कणीक काय जर्मनीची होती? सहा पोळ्यांची कणीक म्हणजे सहा पोळ्यांची साखरच. आणि वर गोळ्या बंद! स्वामींना रेचक वाढणारा यजमान आपल्या कुळात तूच पहिला.

जखम दुखत नाही, हे तू आनंदाची बातमी म्हणून कळवतोस! मधुमेहात पाय बधिर होतो. गुरुवारच्या आत सोलापूरला ये. नाहीतर पाय कापायची वेळ येईल.

लोभ आहे, म्हणूनच इतकं लिहिलं.

दाक्षायणी

वळसंग, ९ फेब्रुवारी

ती. अक्कास काशम्माचा नमस्कार वि. वि.

चौथीपर्यंतच शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमचं पत्र वाचून यांनी फळीवर टाकलं. अक्काला लोकांना मूर्ख म्हणायची कॉलेजापासूनची सवय हाय म्हणाले. जावईबापू रविवारी जाणार, त्यांच्यासमोर त्यांचे डबे टाकायचे कसे, म्हणून रोज खातात. अंगठा काळा पडलाय. वास येतो. हे उदबत्ती लावून बसतात. तुमी या की.

तुमची,
काशम्मा

सोलापूर, १४ फेब्रुवारी

चि. सौ. काशम्मास आशीर्वाद.

मी त्याला घेऊन आले ते थेट दवाखान्यात, काल अंगठा काढला. पाऊल वाचलं, असं डॉक्टर आज म्हणाले. ज्वारीची काढणी टाकून येऊ नकोस, मी इथे आहे. शुद्धीवर येताच तुझ्या नवऱ्यानं पहिलं काय सांगावं? जावईबापूंना कळवू नका. मूर्खपणा अंगठ्यात नव्हता, एवढं तरी सिद्ध झालं.

डॉक्टरांनी जखम कधीची ते विचारलं. तीन आठवड्यांची, म्हटलं. त्यावर ते म्हणाले, घरात कोणी शिकलेलं नाही का? मी मान खाली घातली. वळसंगची एसटी माझ्या घरासमोरून जाते, आणि मी पत्र लिहून वाट पाहत बसले होते.

जपून राहा. माझ्यावर राग असेल तर असू दे, माया मात्र राहू दे.

दाक्षायणी