अकरावं फूल

मिरज, ४ मे २०२५

चि. शोभना, अ. उ. आ.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता समोरचे बाळासाहेब मिशीला कलप लावतात हेही दिसतं. दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय, म्हणून माळा रिकामा करणार आहे. माझ्या कादंबरीच्या वह्याही रद्दीत जातील. शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते लावून पक्की प्रत करणारी तुझी वहिनी गेली, आता लिहायचं कोणासाठी? रागावू नकोस.

नातीला गोड पापा. लोभ आहेच, तिकडच्या थंडीत कान झाकत जा.

प्रभाकरदादा

नास, आयर्लंड, २५ मे २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागावले, मग रडले, मग चहा केला. फोन केला असता तर तू नेहमीसारखं ‘बरं बरं’ म्हणून ठेवला असतास, म्हणून लिहितेय.

गेल्या आठवड्यात आम्ही स्लोव्हाकियाला जाऊन आलो. सूनबाईंच्या, म्हणजे केतकीच्या, ऑफिसातल्या झुझानाचं माहेर तिथे, ओराव्हा नदीकाठी. गाव आपल्या हरिपूरएवढं, पण लेखकांचं भारी कौतुक. बटाट्याच्या गोळ्यांवर मेंढीचं चीज घालून वाढतात. मी लसणाची चटणी नेली होती म्हणून निभावलं. तुझ्या नातीला, रेवाला, मात्र इथल्या आयरिश पोरांसारखं सगळंच ‘ग्रँड’!

तिथे तुझ्यासारख्याच एका मास्तर-लेखकाचं घर जपून ठेवलंय. टेबल, चष्मा, खाडाखोड केलेले कागद. अक्षर तुझ्याहून वाईट रे. मी उंबऱ्याशी बूट काढले आणि तसबिरीपुढे फुलं ठेवली. दहा घेत होते, पण आपल्याकडे वर एक लागतंच, म्हणून अकरा. तिथल्या बाई ती मोजायलाच लागल्या. झुझाना हळूच म्हणाली, इकडे गेलेल्या माणसाला सम फुलं वाहतात, विषम फक्त जिवंत माणसाला देतात. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा भाऊही लिहितो, असं मी आधीच कौतुकाने सांगून बसले होते. बाई हसल्या, अकरावं फूल उचलून माझ्या हातात दिलं आणि झुझानाकरवी म्हणाल्या, “हे तुमच्या भावाला द्या.”

ते सोबत पाठवतेय. ‘लिहितो’ म्हणाले मी, ‘लिहायचा’ नाही. आता मला खोटी पाडू नकोस. माया आहे तशीच ठेव, हट्ट तेवढा सोड.

तुझी शोभना

मिरज, २२ जून २०२५

चि. शोभना, अ. उ. आ.

फूल चुरगळलं, पण पाकळ्या शाबूत आहेत. मेल्यावर दहा मिळतील तेव्हा मिळोत. जिवंतपणी हे पहिलंच, तेही दुसऱ्या मास्तरच्या वाट्यातलं. दोन दिवस नुसता बघत बसलो.

वह्या उतरवल्या. एक वाळवीने खाल्ली. बरं झालं, ते प्रकरण मलाही आवडत नव्हतं. शेवटचं सुरू केलंय, पहिली पाच पानं सोबत आहेत. पक्की प्रत तू कर. डावीकडे दोन बोटं समास सोड. अक्षर लागलं नाही तर मनाने काही घालू नकोस, मला विचार. तुझी वहिनी विचारायची.

पत्राला उशीर झाला तरी चालेल, पानं लवकर पाठव. लोभ त्याच पाकिटात मावेल.

प्रभाकरदादा