न केलेली सही

आई, तुझ्याबद्दलच्या बातम्यांची कात्रणं मी अजून जपून ठेवली आहेत. अर्थखात्यातली बढती, मग परदेशातल्या वकिलातीत नेमणूक, सगळीकडे 'पहिली महिला अधिकारी'. पण मला जास्त आठवतं ते आपण तिथून परत आलो ते वर्ष. मी आठवीत होते. वकिलातीत तू अर्थ सल्लागार होतीस आणि आपल्या वीज केंद्रांसाठीच्या परदेशी कर्जाचा करार तुझ्या टेबलावर होता. त्यात एक अट होती: यंत्रं त्यांच्याच देशातून घ्यायची आणि बिघडली तर त्यांच्याच माणसांनी उघडायची. वरिष्ठ म्हणाले, "एवढं ताणू नका, बाई." तू सही केली नाहीस. पंधरा दिवसांत तुला परत बोलावलं आणि माझी तिथली शाळा अर्ध्या वर्षात सुटली.

पुढची नेमणूक मिळेपर्यंत आपण भिवपुरीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, आजोबांच्या क्वार्टरमध्ये. तू भाकऱ्या थापते आहेस, आजोबा जेवायला बसलेत. उभा जन्म टर्बाइनच्या घरघरीत गेल्यामुळे ते बोलतात मोठ्यानेच. "सही का नाय केलीस गं?"

"आपल्या माणसांना ते मशीन उघडायची बंदी होती, बाबा."

त्यांचा घास हातातच राहतो. "मंग ते आपलं कसं? आमी एकेक बोल्ट हातानं खोललाय. बरं केलंस, पोरी."

तुझे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तरी ताट सरकवून मी म्हणालेच, "हिच्या हट्टापायी माझी शाळा गेली." तू ओरडली नाहीस. "माझ्यावर खुशाल राग धर. पण मी नाही म्हटलं, त्याची लाज धरू नकोस."

वर्षभराने कर्ज देणाऱ्यांनी ती अट काढून टाकली. पुन्हा बोलणी सुरू झाली तेव्हा आपल्या शिष्टमंडळाची प्रमुख तू होतीस. त्या खुर्चीत बाई, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आजोबा पेपर घेऊन अख्ख्या कॉलनीत फिरले.

गेल्या आठवड्यात कर्जतच्या कॉलेजात मी तुझ्यावर बोलले. जवळच्या कोंडाणे गावातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आईंना परत बोलावलं तवा तुमाला काय वाटलं?" मी लगेच म्हणाले, "अभिमान." टाळ्या पडल्या.

खरं तुला सांगते. त्या वर्षी भिवपुरीच्या नव्या वर्गात कुणी विचारलं, की मी सांगायचे, आई आजारी आहे म्हणून आलो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू होतीस तेव्हा शेजारी बसून सांगता आलं असतं. धीर झाला नाही.