दस्त्याला उजवं वळण

४ फेब्रुवारी
नेमबाजीच्या क्लबात आजही हवेत उडवलेली एकही मातीची तबकडी फुटली नाही. सगळे छर्रे डावीकडून गेले. मेहुण्याने विचारलं की भावजी, तबकड्यांशी काही नातं आहे का. हसलो. आतून जळफळाट.
रविवारच्या स्पर्धेनंतर सासरेबुवा आपली जुनी बंदूक घरातल्या सर्वांत चांगल्या नेमबाजाला देणार. या आठवड्यात ती सरावासाठी माझ्याकडे आहे. कायमची यायला हरकत नाही.

५ फेब्रुवारी
दोष सापडला. माझ्यात नाही, बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्यात. दस्ता सरळसोट, माझा चेहरा भारदस्त. दस्ता जरा उजवीकडे वळवला की डोळा बरोबर नळीच्या रेषेत येईल. लाकडाला गरम तेल पाजलं की ते वाकतं, असं व्हिडिओत दाखवलंय. शेवटपर्यंत पाहिला नाही. मुद्दा कळला की पुरे.

६ फेब्रुवारी, सकाळी
आरशासमोर बंदूक खांद्याला लावून दस्त्यावर खडूने बाण काढला. मग आठवलं, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. बाण पुसून दुसऱ्या बाजूला काढला. मेहुण्याला हे सुचलंही नसतं.

दुपारी
नळी काढली. दस्त्याच्या मानेला चिंध्या गुंडाळल्या. हिच्या कढईत जवसाचं तेल तापवून पळीपळीने ओतलं. घरभर धूर. ही एवढंच म्हणाली की नवीन कढई आण. कलेची कदर नाही.
मग बाणाच्या दिशेने शिकंज्यात आवळला. लाकूड करकरलं. राजी झाल्याचं लक्षण.

७ फेब्रुवारी
वाकला. जरा जास्तच. सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतं म्हणे, म्हणून आग्रह करून वाकवला होता. मागे आलंच नाही.

८ फेब्रुवारी
बंदूक जोडली. खांद्याला लावल्यावर नळी दिसत नाही, शेजाऱ्यांची गच्ची दिसते. सवयीचा प्रश्न आहे. दस्ता वळला, आता मान वळवायची. उद्यापासून व्यायाम.

९ फेब्रुवारी
व्यायाम केला. मान धरली. ती आता आपोआपच एका बाजूला राहते. काम सोपं झालं.

१० फेब्रुवारी, रविवार
पहिली तबकडी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी छर्रे क्लबच्या पाटीला लागले. सासरेबुवांनी बंदूक काढून घेतली, एक डोळा मिटून दस्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. हे कोणी केलं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी पाटीवरचे छर्रे मोजू लागलो.
तेवढ्यात ही म्हणाली की बघू जरा. लहानपणी वडिलांबरोबर यायची म्हणे. तिने बंदूक डाव्या खांद्याला लावली. तबकडी फुटली. मग पुढच्या सगळ्याच फुटल्या. मेहुण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.
मी लगेच जाहीर केलं की दस्ता मी मुद्दाम हिच्या डाव्या हाताला बसेल असाच वाकवला, फक्त कोणाला सांगितलं नव्हतं. सासरेबुवांनी माझी पाठ थोपटली आणि बंदूक हिला दिली. हिचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं, माझं मलाच कौतुक वाटलं.
घरी येताना गाडीत हिने विचारलं की मी डावखुरी आहे हे तुझ्या कधी लक्षात आलं. म्हटलं, लग्नाच्या दिवशीच, तू सही केलीस तेव्हा.
 ती म्हणाली की लग्नाच्या दिवशी तर माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता.