तुमची बुटकी, ह्यांची पगडी

लष्कर, ग्वाल्हेर
घट बसले तो दिवस

मंदावन्सं, नमस्कार मागून करते, आधी मला हे सांगा की ही कोंबडी देताना तुम्ही मला पुरतं का सांगितलं नाहीत? "लीला, घेऊन जा, गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं म्हणालात. गरीब! आज ह्या गरीब बाईने माझ्या नवऱ्याची इज्जत बुडाखाली घेतली आहे आणि उठायला तयार नाही. टोचते, फुगते, खुर्र करते. तुमच्या देवासच्या कोंबड्या अशाच असतात का माझ्यासाठी निवडून काढलीत?

आता नमस्कार. तीर्थस्वरूप वन्संना लीलाचा वाकून नमस्कार. तुमची शुगर कशी आहे? (गुलकंद बंद केला नसेलच.) घरच्या सगळ्यांना माझं सांगा, लहानांना आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे मी आणि कोंबडी बऱ्या आहोत, बाकी दोघे बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. फोन का केला नाही म्हणाल. फोनवर तुमच्यापुढे माझी डाळ शिजत नाही, मी एक वाक्य काढेपर्यंत तुम्ही सात बोलून ठेवून देता. कागद मध्ये बोलत नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, अक्षर वाकडं आहे, नातीकडून वाचून घ्या. आणि दुसरं म्हणजे आमचं घर केवढं, फोनवर तुमचं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात. मामंजी गेल्यापासून तुम्हा बहीणभावांचं जे बंद पडलं आहे त्यात मी पडत नाही. मला फक्त कोंबडीबद्दल बोलायचं आहे.

तर सुरुवात आमच्या समरजीतपासून झाली. नोकरी नको, साहेब नको, स्वतःचं काम करणार म्हणून कडकनाथ कोंबड्या आणून छतावर बांधल्या. काळ्या कुळकुळीत, तुरासुद्धा काळा, चाल अशी की बघत राहावं. पण अंडं घातलं की झालं. त्यावर बसायचं नाव नाही. अंडं टाकतात आणि फिरायला निघून जातात, जशी काही खाली आया ठेवली आहे. मग साहेबांनी अंडी उबवायचं मशीन मागवलं. मशीनला लागते बत्ती, आणि आमच्या गल्लीत बत्ती कधी येते आणि कधी जाते हे देवालाही ठाऊक नाही. सगळी अंडी नासली. शेजारचे माधवराव (ब्राह्मण माणूस, कोर्टातून रिटायर झालेले, कांदासुद्धा खिडकी लावून चिरतात) नाकाला उपरणं लावून आले, गॅस गळतोय का विचारायला. मी म्हटलं नाही, माझ्या लेकाचा धंदा गळतोय. त्या वेळी मी श्रावणात तुमच्याकडे मंगळागौरीला आले, रडगाणं गायलं, आणि तुम्ही ही बुटकी माझ्या टोपलीत घातलीत. अर्धेलीने. म्हणजे कोंबडी तुमची, कष्ट माझे, पिल्लं निम्मी निम्मी. आपल्यात चालत आलं आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण अर्धेलीने जनावर देतात तेव्हा त्याच्या खोडीही अर्ध्या सांगाव्यात की नाही?

खुडूक, म्हणजे उबवायला आसुसलेली, तर ही आल्या दिवसापासूनच. दोन मुठींएवढा जीव, पण बसली की फुगलेल्या पुरीसारखी. कडकनाथची नवी अंडी मिळेपर्यंत हिला दम कुठला? कांद्यांवर बसली. समरजीतच्या चार्जरवर बसली. माझ्या बटाट्यांवर इतकी मन लावून बसली की भाजीला घेताना मलाच अपराध्यासारखं वाटलं (कोमट होते हो बटाटे). तुम्ही म्हणाला होतात, जास्त करायला लागली तर पाण्यात बुडवून काढ, उतरतं. बुडवली. ओली झाली, अंग झटकलं, माझ्याकडे असं बघितलं की मीच टॉवेल शोधायला गेले, आणि ही परत बटाट्यांवर.

आता मुद्द्याचं. ह्या वर्षी आपल्या मंडळाच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत निशाण धरायचा मान तुमच्या भावाला मिळाला आहे. एरवी तो उमाजींच्या घरात असतो, पण त्यांचे गुडघे गेले आणि त्यांनी भर सभेत ह्यांचं नाव घेतलं. घरी आले ते दारातच उभे राहिले, चप्पल काढायची विसरले. जन्मभर बँकेच्या दारात बंदूक धरून उभं राहिलेला माणूस, कुणी वळून बघितलं नाही कधी. त्या दिवशी मला म्हणाले, लीला, पगडीला ऊन दाखव. आपली घरातली शिंदेशाही, ती जपायची कशी हे सासूबाईंनी मला शिकवलं आहे: उलटी ठेवायची, म्हणजे आतला घाम निघतो आणि पुढची चोच दबत नाही. तशीच छतावर खाटेवर ठेवली. त्या दिवशी अविधवा नवमी, सवाष्ण जेवायला येणार, खाली माझी खीर लागायला आलेली. मी खाली गेले ती खिरीत अडकले. वर येऊन बघते तर पगडीत बुटकी. चोचीच्या वर हिची चोच. अशी ऐटीत, जशी हिच्याच आजोबांना दरबारातून मिळाली होती.

तेवढंच असतं तर मी मान धरून उचलली असती. पण माझ्या आधी समरजीत वर जाऊन आला होता. त्याने बघितलं, मुर्गी एकदाची जागेवर टिकून बसली आहे, आणि कडकनाथची पाच ताजी अंडी आणून हळूच तिच्या खाली सरकवली. हिने ती चोचीने ओढून पोटाखाली घेतली. पगडी त्याने बघितली नाही का विचारलं तर म्हणे, मम्मी, मला वाटलं पुरानी टोकरी है. पुरानी टोकरी! ज्याच्या पणजोबांनी ती डोक्यावर घालून घोडा फिरवला त्याचा पणतू हा.

संध्याकाळी हे आले. आधी हुकूम सोडला, "उठ." मग आवाज चढवून, "उठ म्हणतो ना." मग हात घातला, आणि तिने असं टोचलं की बंदूकवाला माणूस तीन पावलं मागे. समरजीत मध्ये आला. तो म्हणाला, "पापा, जान है उसमें." हे म्हणाले, "और मेरी इज़्ज़त है उसमें." त्यावर तो म्हणाला की ह्या पिल्लांचा शब्द दिला आहे, पहिलंच गिऱ्हाईक, शब्द मोडला तर धंदा इथेच बंद. हे म्हणाले, दसऱ्याला मी काय बोडका जाऊ? तेव्हापासून दोघांचं सगळं माझ्या तोंडून चालू आहे. मीठसुद्धा मी मागायचं आणि मीच द्यायचं. आणि हिशोब असा बसतो की पिल्लं निघणार कोजागिरीच्या आसपास, दसरा त्याच्या आधी. वन्सं, पाच अंडी, त्यातली निम्मी तुमची, म्हणजे अडीच अंडी तुमची बसली आहेत आमच्या पगडीत. अर्धं पिल्लू कसं करायचं ते पुढे बघू.

हलवून बघितली नाही असं नाही. दिवेलागणीला टोपलीत पेंढा घालून, अंडी ठेवून, तिला वरून कापड टाकून अलगद आत बसवली. गप्प राहिली. मला वाटलं जमलं. कापड काढलं तशी उठली, टोपलीतून उतरली, तुरुतुरु चालत गेली आणि रिकाम्या पगडीत जाऊन बसली. अंडी टोपलीत, ही पगडीत. अंडी गार व्हायला लागली, समरजीत एकेका अंड्याला हात लावून बघायला लागला. मग काय करणार, पाचही अंडी मी पदरात घेतली, वरून शाल गुंडाळली आणि बसले. वन्सं, मी खुडूक बसले! तेवढ्यात माधवरावांच्या पद्मावहिनी विरजण मागायला आल्या. शाल कशाला, ताप आहे का, म्हणून कपाळाला हात लावायला लागल्या तर मी हलेना, आणि माझ्या तोंडून खुर्र निघायचंच बाकी होतं. त्या गेल्यावर हेच पुढे झाले. माझ्या पदरातून एकेक अंडं घेऊन स्वतःच्या हाताने कोंबडीखाली सरकवलं. पगडीत. हाताला दोनदा टोचली तरी काढला नाही.

दोन दिवसांपूर्वी समरजीतने मोबाईलच्या बत्तीवर एक अंडं धरून मला दाखवलं. आत लाल दोऱ्यांचं जाळं, आणि मध्ये एक ठिपका टुकटुक हलतोय. हे मागे उभे होते, मला वाटलं गेले असतील, वळून बघते तर गेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ऊन चढलं की खाटेवर छत्री बांधतात, तीही ड्युटीची काळी छत्री. बाजरी तेच घालतात. ती दिवसातून एकदा उठते, खाते, पिते, धुळीत लोळते, आणि घाण लांब जाऊन करते, पगडीत एक थेंब नाही (एवढं तुमच्या कोंबडीचं मी मान्य करते). तेवढ्यात हे वाकून पगडी बघून घेतात. जरतार बघतात, चोच बघतात. मग ती परत आली की बाजूला होतात, जशी बँकेत मॅडम आली. मी म्हटलं, एवढा वेळ ती उठते तेवढ्यात मिरवणूक उरकून या.

दुसरी पगडी शोधली नाही का म्हणाल. नवी बांधणारा म्हणतो दिवाळीनंतर या. बारातीचे साफे भाड्याने मिळतात, तो एक घालून बघितला तर नवरदेवाच्या मामासारखे दिसायला लागले, मीच काढायला लावला. मग माधवराव स्वतःहून आजोबांची पगडी घेऊन आले, दरबारातल्या फडावरची, कारकुनी, गोल. मन मोठं आहे हो त्या माणसाचं. कोंबडी बसलेली खाट लांबून बघितली, नाकाला उपरणं लावलं, तरी पगडी पुढे केली. ह्यांनी आरशापुढे घातली. डोकं ह्यांचं लांबट, पगडी गोल, पातेल्यावर दुसऱ्याच डब्याचं झाकण ठेवावं तसं. माधवराव म्हणाले छान दिसते. हे म्हणाले, माधवराव, तुमच्या आजोबांचा मान आहे, पण ही लिहिणाऱ्याची आहे, हिच्याखाली निशाण धरलं तर लोक म्हणतील हा हिशोब तपासायला आला. दोघं हसले आणि चहा प्याले. पण माधवराव गेल्यावर ह्यांनी मला सांगितलं, उमाजींना कळव, मान त्यांच्या मुलाला द्या, माझी ड्युटी आहे. दसऱ्याला बँक बंद असते, वन्सं. एवढं खोटं ह्या माणसाला कधी जमलं नव्हतं.

मी उमाजींना अजून कळवलेलं नाही. कळवणारही नाही. तुमच्या कोंबडीने घोळ घातला आहे, तो तुम्हीच निस्तरायचा, एवढंच सांगायला हा कागद. हा आमच्या गल्लीतल्या सूर्याजीच्या हाती देते, तो उद्या गाडी घेऊन देवासला येतो आहे. त्याला चहा द्या, साखर कमी घाला, ती शुगर तुमच्या घरात तुम्हाला एकटीलाच पुरे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची भावजय,
लीला

ता. क. मामंजींची पगडी तुमच्याकडे आहे. शिसवी कपाटात, वरच्या खणात, लाल कापडात. मंगळागौरीला तुम्हीच मला चादर काढायला पाठवलंत. मी हात लावला नाही. (लावला. कसर लागलेली नाही.) शेवटी ते तुमच्याकडे होते म्हणून ती तिथे राहिली. ह्यांनी मागितली नाही, तुम्ही दिली नाही, आणि दोघेही म्हणता आधी समोरच्याने बोलावं. मी तुमच्यात पडत नाही असं वर लिहिलं आहे, ते खरंच आहे. मी पगडी मागते आहे. दसऱ्यापुरती. माप तेच आहे, डोकं बापाचंच आहे.

आणखी ता. क. हे लिहून घडी घालत होते तर हे बाजरीची वाटी घेऊन आत आले. काय लिहितेस विचारलं. मी म्हटलं, वन्संना कोंबडीची तक्रार. वाटीतली बाजरी बोटाने सारखी केली. मग म्हणाले, लिही तिला, पगडी कुणाच्या हाती गाडीत टाकून पाठवायची चीज नाही, चोच मोडते, मांडीवर धरून आणावी लागते. मी म्हटलं, मी पगडीचं नाव तरी काढलं का? तर तोंड फिरवून म्हणाले, आणि खिडकीची जागा बघून घे म्हणावं, पुढची. तिला लहानपणापासून गाडी लागते.

वन्सं, पगडीला गाडी लागत नाही.

उत्तर ललिता पंचमीच्या आत आलं पाहिजे. फोन केलात तरी चालेल, पण माझ्या नंबरावर करू नका. त्यांच्या नंबरावर करा.